न मळलेली जर्सी

लव्हिनिया गेन्सला फुटबॉल कळत नव्हता, मळ कळत होता. केलम कॉलेजच्या अकरा पोरांच्या जर्सी दर सोमवारी तिच्या मागच्या अंगणात येऊन पडायच्या, आणि शनिवारी मैदानावर काय काय झालं ते ती कपडे भिजत घालता घालता सांगायची. छातीवर गवताचं हिरवं असलं तर गडी पुढे पडला. पाठीवर चिखल असला तर त्याला उलटं पाडलं. बाहीवर रक्त असलं तर ते बहुधा दुसऱ्याचं, कॉलरवर असलं तर स्वतःचं. कॉलरच्या आत लाल दोऱ्याची खूण असायची, कुठली जर्सी कुणाची ते कळावं म्हणून, पण लव्हिनियाला ती खूण कधी बघावी लागली नाही.

अँब्रोजची जर्सी तर ती डोळे मिटून ओळखायची. डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत काळीकुट्ट, छातीवर हिरवी, आणि पाठ अशी कोरी की जणू तो खेळलाच नव्हता. आठ सामने झाले त्या मोसमात, १९०८ साली. आठही जिंकले. आठही सोमवारी लव्हिनियानं त्याची जर्सी उलटी करून पाठ बघितली आणि शेजारच्या मिसेस सिम्सना हाक मारून दाखवली. "बघा, माझ्या पोराची पाठ अजून कुणी मातीला लावली नाही."

अँब्रोज टॉलिव्हर तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. सहा वर्षांचा असल्यापासून तिनंच वाढवला, आधी आयोवातल्या खाणीच्या वस्तीत, आणि तो कॉलेजात गेला तेव्हा आपला टब आणि कपडे घासायची फळी घेऊन तीही त्याच्या मागोमाग या गावात आली. संघात तो एकटाच काळा. डावीकडचा टॅकल. म्हणजे समोरच्या गड्याला खांद्यानं ढकलून भिंतीत भोक पाडायचं काम याचं, त्या भोकातून चेंडू छातीशी धरून पळायचं काम दुसऱ्याचं, आणि रविवारच्या पेपरात नाव येणार ते पळणाऱ्याचं. लव्हिनियाला त्याचा राग यायचा. अँब्रोज हसायचा. "मावशी, भोक कुणी पाडलं ते भोकातून जाणाऱ्याला ठाऊक असतं. पुरे झालं."

पुरे झालं नव्हतं, आणि हे त्यालाही माहीत होतं. त्याला 'के' हवा होता. केलमच्या नावाचं पहिलं अक्षर, लोकरी कापडाचा टीचभर लाल 'के', पांढऱ्या स्वेटरच्या छातीवर शिवलेला. केलमची रीत अशी की मोसमभर तुम्ही बरगड्या मोडून घ्या, 'के' मिळणार तो नोव्हेंबरअखेरच्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला होणाऱ्या सामन्यात जो खेळेल त्यालाच. पहिल्या वर्षी अँब्रोज नवखा म्हणून बाहेर होता. दुसऱ्या वर्षी सामन्याच्या तीन दिवस आधी त्याचा घोटा मुरगळला. हे तिसरं वर्ष. पुढच्या वर्षीचा कप्तान 'के'वाल्यांनी आपल्यातूनच निवडायचा, आणि तो कोण होणार याबद्दल सगळा संघ एकमतानं बोलत होता. ते 'के' शिवायचे कुणी? लव्हिनियानं. दोन वर्षं तिनं लोकांच्या पोरांचे 'के' शिवले होते. या वर्षासाठी तिनं लाल रेशमी दोऱ्याचं रीळ आणून बिस्किटांच्या डब्यात लपवून ठेवलं होतं. साधा दोरा दहा जणांना, रेशमी एकाला.

ऑक्टोबरात बातमी आली की यंदा थँक्सगिव्हिंगला मिझुरीचं पेटन कॉलेज येणार. त्या आठवड्यात कप्तान क्रॉग चारपाच जणांना घेऊन जर्सी न्यायला आला आणि तिच्या स्वयंपाकघरात रताळ्याची पाई खात बसला. वेंडेल क्रॉग म्हणजे उंच, पिंगट केसांचा, डॅनिश शेतकऱ्याचा मुलगा. अँब्रोजचा जिवलग. दोघं एकाच बाकावर बसून भूमिती शिकलेले.

खाता खाता एकजण म्हणाला, "पेटनवाले काळ्या गड्यासमोर उभे राहत नाहीत म्हणे. आधीच कळवतात, याला बसवा म्हणून."

क्रॉगनं टेबलावर अशी मूठ आपटली की कॉफी सांडली. "अँब्रोज बसला तर आम्ही अकराच्या अकरा बसू! पेटननं मग एकट्यानंच खेळावं गवताशी. मावशी, तुमच्या घरात बसून शब्द देतो."

या 'मावशी'चंही सांगायला हवं. त्या गावातला कुठलाही गोरा माणूस वयानं मोठ्या काळ्या बाईला मावशी म्हणायचा. त्यात नातं नसायचं, पायरी असायची. बाईला 'मिसेस' म्हणावं लागू नये म्हणून काढलेली पळवाट होती ती. लव्हिनिया या हाकेला ओ देत नसे. दुकानदार तीनतीनदा ओरडून थकायचा. पण क्रॉगनं सप्टेंबरात टोपी हातात घेऊन विचारलं होतं, "अँब्रोज म्हणतो तसं मीही मावशी म्हटलं तर चालेल?" आणि ती हो म्हणाली होती. एवढ्या वर्षांत एकदाच ती फसली.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शुक्रवारी संघाचं सगळं बघणारे प्रोफेसर प्रुइट तिच्या अंगणात आले. बसले नाहीत. आधी हवा किती छान पडलीय ते झालं, मग तिच्या इस्त्रीचं कौतुक झालं, मग तिच्या गुडघ्याची चौकशी. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं तिला दुरून ओळखू यायची.

"प्रोफेसरसाहेब, पाणी निवतंय माझं. काय ते बोला."

"लव्हिनिया, तू समजूतदार बाई आहेस. पेटनचं पत्र आलंय. दोन कॉलेजांमधला सज्जनपणाचा संकेत असतो. पाहुण्यांना अवघड होईल असं काही आपण करत नाही. अँब्रोजला मी सांगितलं, पण तो काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. तू जरा समजाव."

"आणि पाहुणे आमचा काय मान ठेवणार आहेत?"

"तेही त्यांचा एक गडी बसवणार आहेत. बरोबरी राहावी म्हणून."

"कुठला? ज्याची तंगडी मोडलीय तो?"

प्रोफेसर लाल झाले, कारण गोष्ट खरी होती. "हा राग कामाचा नाही, लव्हिनिया," एवढं म्हणून ते निघाले.

राग कामाचा नाही! तिनं पुढचा तासभर चादरी अशा पिळल्या की एक मधोमध फाटली. पण आतून ती निर्धास्त होती. क्रॉगचा शब्द होता. अकराच्या अकरा बसतील, आणि मग बघू सज्जनपणा कुठं जातो ते. संध्याकाळी अँब्रोज घरी आला तेव्हा ती म्हणाली, "क्रॉग काय म्हणतो?"

"भेटला नाही."

"एका बाकावर बसता ना तुम्ही?"

"आज दुसऱ्या बाकावर बसला होता," अँब्रोज म्हणाला आणि पुस्तक उघडलं.

गुरुवारी अख्खं गाव मैदानावर लोटलं. लव्हिनिया कोपऱ्यातल्या दोराशी मिसेस सिम्सबरोबर उभी राहिली. या मिसेस सिम्स कॉलेजच्या मोठ्या हॉलची झाडलोट करायच्या, त्यामुळे कॉलेजचं सगळं त्यांना आधी कळायचं. संघ बाहेर आला. लव्हिनियानं मोजले. दहा ओळखीचे, आणि डावीकडे अँब्रोजच्या जागी ओटो हेगन, मक्याच्या शेतातून उचलून आणलेला आडवातिडवा पोरगा, मोसमात एकूण वीस मिनिटं खेळलेला. अँब्रोज बाकावर. अंगात धुतलेली जर्सी, खांद्यावर घोंगडी.

"बसतील आता," ती मिसेस सिम्सना म्हणाली. "शिट्टी झाली की बसतील बघा. क्रॉगनं शब्द दिलाय."

शिट्टी झाली. कुणी बसलं नाही. क्रॉगनं चेंडूला लाथ मारली आणि अकराजण चेंडूमागे धावले. त्यात तिच्या घरची पाई खाल्लेलेही. लव्हिनियाला त्या सगळ्यांची नावं घेऊन ओरडावंसं वाटलं.

पेटननं बघून ठेवलं होतं की भिंत कुठे पोकळ आहे. ते पुन्हा पुन्हा हेगनवरच येत राहिले. बिचारा दर वेळी पाठीवर. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की पाच गुण; मध्यंतराला पेटनचे पाच, केलमचं शून्य.

दुसरा डाव सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि कुणीतरी जखमी होऊन खेळ थांबला. तेव्हा लव्हिनियाला दिसलं की अँब्रोज उठतोय. तिनं मिसेस सिम्सचा दंड धरला. घेतला! शेवटी लाज वाटली मेल्यांना, घेतला आत! मग तिला त्याच्या हातातली बादली दिसली. बादली आणि पळी.

बाहेरून खेळाडूंना एक शब्दही सांगायचा नाही, असा त्या काळी नियम होता. पण पाणी पाजणाऱ्याच्या तोंडाला कोण कुलूप घालणार? मध्यंतरात प्रोफेसरांनीच ही शक्कल काढली होती. अँब्रोजइतका खेळ कुणाला वाचता येत नव्हता. पेटनच्या कप्तानाला विचारलं, तो म्हणाला, पाणी आणायला आमची काहीच हरकत नाही. हरकत कशी असेल? काळा माणूस चेंडू घेऊन आला तर पाहुण्यांना अवघड, बादली घेऊन आला की सगळं कसं जागच्या जागी. टाळ्यासुद्धा वाजवल्या काहींनी.

अँब्रोज सरळ चालत मैदानाच्या मध्यावर गेला. पंच चार पावलांवर उभा होता. क्रॉगनं पळी घेतली, पाणी प्यायला. अँब्रोज काहीतरी बोलला. क्रॉगनं ऐकलं, तोंड पुसलं, मान हलवली. पळी बादलीत टाकली. अँब्रोज तरी उभाच राहिला. दोघं एकमेकांकडे बघत होते, पंच घड्याळाकडे. मग क्रॉगनं हातानं खूण केली, जा म्हणून, आणि अँब्रोज रिकामी पळी खडखडवत परत आला.

पुढच्या दहा मिनिटांत केलमनं डावीकडूनच चेंडू नेला. केलमचेही पाच झाले, वर लाथेनं मिळणारा एक. सहा विरुद्ध पाच. टोप्या उडाल्या. क्रॉगला खांद्यावर घेऊन लोक गावभर फिरले.

घरी भाजलेली कोंबडी टेबलावर निवत होती. लव्हिनिया बसली नाही. "काय सांगितलंस त्याला?"

"हेगनसमोरचा गडी आत घुसायच्या आधी डावा पाय मागे घेतो. तेव्हा त्याच्या बाहेरून जायचं."

"का सांगितलंस?"

"दिसलं, मावशी."

"दिसलं! अरे दिसलं तर डोळे मिटायचे होतेस! ती बादली प्रोफेसरच्या डोक्यावर उपडी करायची होतीस! त्यांनी तुझ्या पाठीत सुरी खुपसली आणि तू त्यांना मूठ पुसून देतोस? कसला रे तू? तुला तुझी आई..." पुढचं तिनं गिळलं.

अँब्रोजनं पहिल्यांदाच तिच्यावर आवाज चढवला. "मी तिथं उभा राहिलो, कळलं का तुला? सांगून झाल्यावर उभा राहिलो. पंच समोर होता. वेंडेलनं फक्त एवढं म्हणायचं होतं, हेगन बाहेर, टॉलिव्हर आत. कप्तान बोलला की झालं, प्रोफेसर नाही, पेटन नाही, कुणी अडवू शकत नाही त्याला मैदानात. मी त्याला तेवढा वेळ दिला. त्यानं मला जा म्हटलं." मग हळू आवाजात म्हणाला, "फुकट नव्हतं सांगितलं मी."

कोंबडी तशीच राहिली.

सोमवारी जर्सी आल्या. चिखलानं जड, नुसत्या ढिगानंच टब भरला. तिनं सवयीनं एकेक उचलून बुडवायला सुरुवात केली. हेगनची पाठ आणि पोट एक झालेलं. क्रॉगची छाती हिरवीगार. आणि मग हातात अँब्रोजची आली, पाण्यात गेली, साबण लागला, दोनदा फळीवर घासून झाली, आणि तिच्या लक्षात आलं की पाणी गढुळलंच नाही. तिनं ती बाहेर काढली. उलटी केली, सुलटी केली. कुठे काही नव्हतं. गेल्या बुधवारी तिनंच मारलेली इस्त्रीची घडीसुद्धा पाण्यात जाईपर्यंत बाहीवर तशीच असणार. लव्हिनिया त्या टबापाशी मटकन बसली आणि मोठमोठ्यानं शिव्या द्यायला लागली, बाप्टिस्ट चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी बाई. मिसेस सिम्स कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

मंगळवारी अकरा पांढरे स्वेटर आले. पाकिटात अकरा लाल 'के' आणि नावांची यादी. यादीत ओटो हेगन होता. वर प्रोफेसरांची चिठ्ठी: शनिवारी चॅपलमध्ये समारंभ आणि फोटो, तरी शुक्रवारी तयार असावेत. नियम हा नियम असल्यानं अँब्रोजला 'के' देता येत नाही, परंतु चॅपलमध्ये त्याच्या खिलाडू वृत्तीचा मी उल्लेख करणार आहे.

गरज सरो, वैद्य मरो. आणि वर वैद्याच्या खिलाडूपणाचा उल्लेख! तिनं चिठ्ठी चुलीत घातली. 'के'ही घालणार होती, पण अँब्रोजनं तिच्या हातातून पाकीट काढून घेतलं.

"जाळू नकोस. शिवूही नकोस. शुक्रवारी ते येतील तेव्हा मी घरी असेन."

दर वर्षी गडी आपापला स्वेटर न्यायला स्वतः यायचे. शुक्रवारी दुपारी आले, हसत, एकमेकांना ढकलत, आणि दारातच त्यांचं हसणं थांबलं. खुर्चीवर अकरा कोरे स्वेटर घडी करून ठेवलेले. टेबलाशी अँब्रोज, आणि त्याच्या पुढ्यात अकरा 'के' ओळीनं मांडलेले. पाईचा वास नव्हता.

"मावशी," क्रॉग म्हणाला, "हे शिवले नाहीत?"

"मिसेस गेन्स."

"काय?"

"माझं नाव. मिसेस गेन्स. म्हणून बघ, जीभ झडत नाही."

क्रॉगनं टोपी काढली. "मिसेस गेन्स, उद्या चॅपल आहे."

"माहीत आहे. स्वेटर माझ्यापाशी आहेत, धुतलेत, घेऊन जा. अक्षर त्याच्यापाशी आहे. ज्याला वाटतं आपण कमावलं त्यानं त्याच्या समोर उभं राहून मागून घ्यावं. आणि घरी जाऊन आपलं आपण शिवावं. माझे हात आता केलम कॉलेजच्या कामाचे राहिले नाहीत. त्या जर्सीही न्या, पुढच्या सोमवारपासून दुसरी बाई बघा."

कुणी हलेना. शेवटी क्रॉग टेबलापाशी गेला. "अँब्रोज, तुला ठाऊक आहे माझ्या हातात काही नव्हतं. प्रोफेसर म्हणाले, सामना रद्द झाला तर पुढच्या वर्षी संघच राहणार नाही. मी काय करणार होतो?"

"पाणी पीत होतास," अँब्रोज म्हणाला.

क्रॉगचे कान लाल झाले. त्याला बहुधा रडू येत होतं. लव्हिनियाला त्याची जराही कीव आली नाही, आणि कीव येत नाही याचा तिला आनंद झाला.

"मोसमभर खेळलोय मी," क्रॉग पुटपुटला.

"मग घे ना."

क्रॉगनं हात पुढे केला. एक 'के' उचलला आणि स्वेटर काखेत मारून बाहेर पडला. त्यानं घेतल्यावर बाकीच्यांना सोपं गेलं. एकेक जण यायचा, खाली बघत उचलायचा, जायचा. एकजण "सॉरी, टॉलिव्हर" म्हणाला आणि घेतलाच. अँब्रोज दर वेळी त्यांच्या तोंडाकडे बघत होता. लव्हिनिया मोजत होती. दहा.

राहिला हेगन. ओठ अजून सुजलेला. त्यानं बोटानं तो 'के' अँब्रोजकडे सरकवला.

"हा तुझा."

"तू दिलेला नको मला," अँब्रोज म्हणाला. "भीक नको."

"बरं," हेगन म्हणाला. त्यानं थोडा विचार केला. विचार करायला त्याला वेळ लागायचा. "पण माझाही नाही तो. मी नुसता पडत होतो." त्यानं कोरा स्वेटर उचलला, "येतो, मिसेस गेन्स," म्हणाला आणि दार हळूच लावून गेला.

दुसऱ्या दिवशी लव्हिनिया आणि अँब्रोज, दोघंही चॅपलला गेले नाहीत. प्रोफेसरांनी खिलाडू वृत्तीचा उल्लेख रिकाम्या खुर्चीकडे बघत केला असं म्हणतात. फोटो मात्र निघाला, आणि मार्चमध्ये काच घालून मोठ्या हॉलच्या भिंतीवर लागला. ज्या दिवशी लागला त्याच दिवशी मिसेस सिम्स झाडू टाकून सांगायला आल्या.

अँब्रोज टेबलाशी अभ्यास करत होता. फुटबॉलचं नाव त्या घरात तीन महिन्यांत निघालं नव्हतं.

"फोटोतल्या चेंडूवर लिहिलंय, केलम सहा, पेटन पाच," मिसेस सिम्स म्हणाल्या. "आणि छातीवर ते 'के', अगं बाई! एकाचा खांद्याकडे चाललाय, एकाचा पोटाकडे. टाके तर असे की फोटोतसुद्धा मोजावेत. आजच आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, या कॉलेजला शिंपी मिळाला नाही का? आणि ते आता कायम तिथंच राहणार."

"क्रॉगचा?" अँब्रोजनं पुस्तकातून मान न काढता विचारलं.

"सगळ्यात वाकडा."

"हेगनचा?"

"त्याचा स्वेटर कोराच आहे."

अँब्रोजनं पुस्तक मिटलं. मग त्यानं तिनं बिस्किटांच्या डब्यात लपवलेलं लाल रेशमी रीळ काढून लव्हिनियाच्या हातात ठेवलं.

"मावशी, हे आता कशाला तरी वापरून टाक," तो म्हणाला.

लव्हिनियानं रीळ घेतलं, डब्यात परत टाकलं आणि झाकण घट्ट बसवलं. "नाही वापरणार," ती म्हणाली. "राहू दे. माझा राग अजून संपलेला नाही."